अक्रम होडेकरचा पहिला सीझन

अक्रम होडेकर मूळचा हर्णैचा, आणि हर्णैच्या माणसाला बर्फाबद्दल कुणी शिकवायची गरज नाही असं त्याचं ठाम मत होतं. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात त्याने ऐन विशीतली सहा वर्षं काढली. लाद्या फोडायच्या, चुरा करायचा, सुरमईच्या पेट्यांवर थर द्यायचा. पुढे दुबईत येऊन त्याने कोल्ड स्टोअरेजचे कॉम्प्रेसर सांभाळले आणि गेल्या वर्षी छताखालच्या, कृत्रिम बर्फाच्या एका स्कीच्या डोंगरावर कामाला लागला. यंदा तिथला जुना इनचार्ज मायदेशी परतला आणि सगळा उतार अक्रमच्या हाती आला. आम्ही अल नहदात एकाच मजल्यावर राहतो. त्या महिन्यात लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला तो आजचा बर्फ किती इंच ते सांगायचा. ऐकणारा पार्किंगमधून घामाने निथळत आलेला, आणि हा उणे दोनच्या गप्पा मारतोय! मला तर राग यायचा.

सप्टेंबरात हा डोंगर बंद असतो. जुना बर्फ खरवडून काढतात, जमिनीखालच्या नळ्या तपासतात आणि मग छताला टांगलेल्या यंत्रांमधून नवा बर्फ पाडतात. नवा बर्फ रव्यासारखा सुटा असतो. चार दिवस त्याला हात लावायचा नाही, तो आपोआप बसतो. यंदा एक यंत्र मध्येच बिघडलं आणि अक्रमच्या वाट्याला दोनच दिवस आले.

शनिवारी उघडायचं होतं, आणि त्याच दिवशी शाळकरी मुलींची स्कीसाठी निवड होती. वरून खालपर्यंत उतरायचं, पहिल्या तिघींची टीम. अक्रमची तेरा वर्षांची मुलगी नबिला आणि तिची मैत्रीण केया त्यात होत्या. स्टाफच्या मुलांना मिळणाऱ्या पासवर नबिला वर्षभर घासत होती. वरच्या वळणावर तिच्याइतकी सफाई कुणाचीच नव्हती, हे तिचा कोचसुद्धा म्हणायचा.

नेमका त्याच वळणावर बर्फ धरत नव्हता. गुरुवारी अक्रमने पायाने दाबून पाहिलं, तर भुसभुशीत. मग त्याने हर्णैत हजार वेळा केलं होतं तेच केलं. चुरा सुटा असला की त्यावर पाणी शिंपडायचं आणि फळीने दाबायचं, की पेटी रत्नागिरीपर्यंत हलत नाही. त्याने पाइप आणला, पाणी मारलं, दाबलं. शुक्रवारी वरून दोन इंच नवा बर्फ पडला आणि वळण कसं दुधासारखं पांढरंशुभ्र झालं.

शनिवारी सकाळी सात वाजता तो मापाची सळई घेऊन वर चढला. वळणावर सळई दोन इंच आत गेली आणि ठक्कन थांबली. हाताने वरचा बर्फ बाजूला केला तर खाली फरशीसारखा गुळगुळीत, कडक बर्फ. मासे त्यावर खुशाल झोपले असते. माणूस मात्र त्या वेगात आला असता तर थेट कडेच्या भिंतीवर.

त्याने सळईवर हातोडा मारला. ती तळापर्यंत गेली. बावीस इंच. बोर्डावर फक्त इंच लिहायचे असतात, खाली काय आहे ते कुणी विचारत नाही. अक्रम खाली आला आणि बोर्डावर लिहिलं: वरचा उतार, बावीस इंच, खुला.

मग चहा घ्यायला म्हणून तो स्टाफरूमकडे निघाला. वाटेत दारावर उतरण्याच्या क्रमाची यादी लावली होती. एक, नबिला होडेकर. दोन, केया. पहिली घसरली की बाकीच्यांना थांबवतात; पहिली मात्र सरळ भिंतीवर.

तो तसाच मागे फिरला. बाहीनेच बोर्ड पुसला आणि सुपरवायझर सोमनाथकडे गेला.

“सर, वरचा उतार बंद करा. वळणावर खाली कडक बर्फ झालाय. मी पाणी मारलं होतं.”

“पाणी?” सोमनाथ खुर्चीतून उठलाच. “हबीबी, आपल्याला काय पापलेट ठेवायचेत इथे? साडेनऊला पेरेंट्स येतायत!”

“माझी चूक आहे सर. पण बंद करा.”

सोमनाथ स्वतः वर जाऊन पाहून आला. वरचा उतार बंद झाला, स्पर्धा खालच्या सरळ टप्प्यावर घेतली. तिथे वळण नव्हतं, नुसता जोर. नबिला चौथी आली. केया तिसरी. सोमवारपासून मापाची सळई दुसऱ्याकडे गेली आणि अक्रम परत कॉम्प्रेसरवर.

त्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. अक्रमच्या बायकोने, शहनाझभाभींनी, जेवण वाढलं होतं, पण नबिला टेबलाशी येईना.

“अब्बा, एव्हरीवन इज सेइंग इट वॉज यू,” ती म्हणाली. “यू पुट द वॉटर.”

“हो, मीच.”

“देन व्हाय डिड यू टेल देम? नोबडी वुड हॅव नोन!”

“तू पहिली उतरणार होतीस, बेटा.”

मला वाटलं, आता रडेल आणि बापाच्या गळ्यात पडेल. पण पोरगी हुशार.

“अँड इफ केया वॉज फर्स्ट?”

शहनाझभाभी घाईने म्हणाल्या, “तरी सांगितलंच असतं ना! असं काय विचारतेस अब्बांना?”

मीही मान डोलावली. अक्रमनेही डोलावली असती तर तिथेच खलास झालं असतं. त्याने घास ताटात ठेवला.

“नसतं सांगितलं,” तो म्हणाला. “बोर्डावर खुला लिहून मी चहाला निघालो होतो.”

मला त्याचा संताप आला, आणि त्याच क्षणी तो मला कधी नव्हे इतका आवडला. बोर्ड पुसणं मलाही जमलं असतं. पोटच्या पोरीला हे उत्तर देणं जमलं नसतं.

नबिला टेबलाशी आली, पण बसली नाही. फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाता जाता म्हणाली, “आय हॅव टू टेल केया.”

अक्रमने तिला अडवलं नाही.