तीन बोटं लांब तुळया

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी मंगळवार पेठेतल्या एका लहान वाचनालयाचा सचिव होतो. त्या पदाबरोबर मान मिळत नसे, किल्ली मिळे. जुन्या विटांची एक लांबट, उंच छपराची खोली, एवढंच वाचनालय. पुस्तकं वाढली तसा वर एक मजला हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. अध्यक्षांचं मत जरा मोठं होतं. त्यांना स्लॅब हवा होता, स्लॅबवर घुमट आणि दाराशी आपल्या नावाची संगमरवरी पाटी. घुमटाखाली कुणी काय वाचावं याबद्दल त्यांचा काही आग्रह नव्हता.

इंजिनिअर आले. त्यांनी भिंतीत पेन खुपसलं आणि गळलेल्या मातीकडे पाहून म्हणाले, "ह्यावर स्लॅब टिकणार नाही. पाडून बांधा."

पाडायचं कसं? जागा भाड्याची होती, आणि इमारत उभी असेपर्यंतच भाडेकरू, असं करारात स्पष्ट लिहिलेलं. भिंत गेली की वाचनालयही गेलं.

हे सगळ्यात जास्त लागलं ते एका निवृत्त मिस्त्रींना. रोज सकाळी पहिलं वर्तमानपत्र तेच उघडत. फौंड्रीत जो लोखंडी भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडात नमुना करतात. त्याला पॅटर्न म्हणतात. मिस्त्रींनी जन्मभर तेच केलं. शाळा लहानपणी सुटलेली, नीट वाचायला शिकले ते साठीनंतर, ह्याच खोलीत. मला एकदा म्हणाले, "घरात वाचत बसलं की सून इचारती, मामा, तब्येत बरी न्हाय व्हय?"

बैठकीत ते कोपऱ्यातून बोलले. "भिंत कशाला पाडायची? लाकडाचा मजला टाकू की. हलका बसतोय."

"मिस्त्री, तेवढी खोडं आणणार कुठनं?" अध्यक्ष म्हणाले.

"खोड कशाला लागतंय? पॅटर्न आम्ही अख्ख्या लाकडाचा करतोय व्हय? अख्खं वाकतंय. पातळ फळ्या एकावर एक चिकटवायच्या. एकीचा वाक दुसरी धरती."

"आणि आग लागली म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी चिकटवलेला एक जाड ठोकळा घेऊन मिस्त्री आणि मी अध्यक्षांच्या घरी गेलो. मिस्त्रींनी तो अंघोळीच्या बंबात घातला. चहा झाल्यावर चिमट्यानं काढला, विझवला आणि पटाशीनं तासला. वर कोळसा होता, आत कोरं लाकूड.

"जळतंय, पर सावकाश. वरचा कोळसा आतल्याला राखतोय. लोखंड तापलं की मऊ पडतंय. आमची सगळी हयात त्यातच गेलीया की."

इंजिनिअरांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि काहीशा नाराजीनंच सही केली. त्या काळात गावात जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठत होती. त्या घरांच्या सागवानाचे तुकडे स्वस्तात मिळाले. जे तुकडे एरवी चुलीत गेले असते त्यांच्या सहा तुळया मिस्त्रींच्या शेडमध्ये तयार झाल्या. इकडे वाचनालयात ना वाळूचा ढीग पडला, ना सेंट्रिंगचे बांबू लागले. लोक खाली वाचत होते आणि त्यांचा मजला दुसऱ्याच गल्लीत बांधला जात होता.

बसवायच्या दिवशी अध्यक्ष हार-नारळ घेऊन हजर. पहिली तुळई वर चढली, आणि भिंतीतल्या खाचेत बसेना. तीन बोटं लांब होती. बाकीच्या पाचही तेवढ्याच लांब.

"आता काय, भिंत सरकवायची?" अध्यक्षांनी विचारलं. नारळ अजून हातातच होता.

मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि पायरीवर बसले. ओतलेलं लोखंड गार होताना आटतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा किंचित मोठा. जन्मभराच्या सवयीनं हात त्याच पट्टीकडे गेला होता.

"हे गार होऊन आटायचं न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. मजला गेला, आणि आता भिंतीही पाडणार, असं त्यांना वाटलं असावं.

इंजिनिअर खाकरले. "मिस्त्री, करवत आणलीय ना?"

तासाभरात सहाही तुळया कापून खाचांत बसल्या. स्लॅब चुकला असता तर ब्रेकर लावावा लागला असता. संध्याकाळपर्यंत वर आडव्या-उभ्या फळ्यांचे दोन थर पडले. संगमरवरी पाटीचं वजन भिंतीला सोसेल की नाही, याची शंका मात्र इंजिनिअरांनी स्वतःहून काढली. मी ती खोडून काढली नाही.

पुढं दोन हजार सालानंतर केव्हातरी एक परदेशी मासिक हाती आलं. तिकडं चिकटवलेल्या लाकडाच्या चक्क अनेक मजली इमारती उभ्या राहत होत्या. वजनाला हलक्या, कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या, आणि झाडानं हवेतून घेतलेला कार्बन भिंतीतच धरून ठेवणाऱ्या. लेखाचा सूर असा, की लाकडाचा शोध नुकताच लागला आहे. मी वर जाऊन तो मिस्त्रींना मराठीत वाचून दाखवला.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "वाळवीचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"मग लिवणारा तसल्या घरात ऱ्हात नसंल," ते म्हणाले. खाली तुळईचं टोक होतं तिथल्या फळीवर वाकून, बोटांनी टकटक करून त्यांनी आवाज ऐकला, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं.