ताईच्या लग्नाला नेलेला डबा

मी लाजाळू आहे, हे आमच्या वरोर गावात कोणाला सांगावं लागत नाही. पाहुणे आले की मी मागच्या दाराने निघून जाळ्यांच्या ढिगापाशी जाऊन बसायचे, आणि पाहुणे गेले की आई मला शोधायला यायची. अशी मुलगी तीन वर्षं दर रविवारी तलासरीत माइक धरून शंभरेक माणसांसमोर उभी राहत होती, यावर आईचा अजूनही पूर्ण विश्वास नाही.

त्याचं कारण सोपं होतं. मी दुभाषी होते. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीबरोबर मी हायवेजवळच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात पहिल्यांदा गेले, तेव्हा पास्टर इंग्रजीत बोलत होते आणि लोक शांतपणे ऐकत होते. पास्टर बाहेरच्या राज्यातले. हिंदी मोडकी, मराठी शून्य. मैत्रिणीने त्यांना सांगितलं, ही डहाणूच्या इंग्रजी शाळेत शिकली आहे. पुढच्या रविवारी माझ्या हातात माइक आला. शंभर माणसांसमोर बोलायचं आणि त्यातलं एकही वाक्य आपलं नसायचं. लाजाळू माणसाला याहून चांगलं काम मिळणार नाही.

खरं तर घरची बोली सोडली तर माझं मराठी वाईट होतं. भाजीवाल्याने 'एकोणसाठ' म्हटलं की मी साठ देऊन मोकळी व्हायचे. मी मराठी शिकले ते प्रार्थनागृहातच, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मराठी भाषांतरातून. त्यामुळे माझ्या तोंडी भलतेच शब्द बसले. एकदा मी आईला म्हणाले, "आज बाजारात विपुल गर्दी होती." आई डहाणूला मासळी विकून नुकतीच आली होती. तिने टोपली खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पहिल्या रांगेत एक वारली आजी बसायची. उपासना संपल्यावर ती मला म्हणायची, "पोरी, ते बोलतात ते मोठं असतं. तू बोलतेस ते समजतं." मी वरवर मान खाली घालायचे. आतून मात्र मला वाटायचं की देवाचं माझ्यावाचून अडलं आहे.

तिथली मुख्य शिकवण आच्छादनाची होती. प्रत्येक विश्वासी माणसावर देवाने एक माणूस छपरासारखा नेमला आहे. बायकोवर नवरा, मुलीवर बाप. आणि बाप विश्वासी नसेल तर पास्टर. छपराबाहेर पाऊल टाकलं की सैतान तयारच आहे. म्हणून काहीही करण्याआधी विचारायचं. माझे वडील बोट घेऊन समुद्रात जाणारे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारे, तेव्हा माझं छप्पर तलासरीत. मी केस कापण्याआधी विचारलं, कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घालण्याआधी विचारलं. अक्कलदाढ काढण्याआधीही विचारलं. दाढेची परवानगी यायला चार दिवस लागले. तोवर मी ते दुखणं आत्मिक समजून सहन केलं. हे मी आता हसत लिहिते आहे, पण तेव्हा मला विचारायला आवडत होतं. दुसऱ्याने ठरवलं की आपल्याला तोंड उघडावं लागत नाही.

मग ताईचं लग्न ठरलं.

ताई माझी चुलत बहीण. आमच्या दोन घरं सोडून तिचं घर. लहानपणी दुकानात मला बोलायची लाज वाटायची, म्हणून माझ्या वह्या-पेन्सिलीसुद्धा तीच मागायची. लग्न ठरल्यावर ती घरी आली आणि म्हणाली, "करवली तूच. तोंड उघडायचं नाही, काही नाही, फक्त कलश घेऊन माझ्या मागे उभं राहायचं. तुझ्यासाठीच बनवलेलं काम आहे."

मी म्हणाले, "विचारून सांगते."

"कोणाला? काकाला? तो तर कालच हो म्हणाला."

मी पवित्र शास्त्र उगाच जवळ ओढलं. ताईला कळलं. तिने जाताना दार जरा जोरात ओढलं.

पास्टरांनी ऐकून घेतलं, डोळे मिटून प्रार्थना केली आणि उत्तर दिलं. लग्नाला जा, बहिणीवर प्रेम कर, पण कलश धरू नकोस, हळद लावून घेऊ नकोस आणि मूर्तीला दाखवलेलं अन्न खाऊ नकोस. मला ते उत्तर फार उदार वाटलं. जाऊ तर दिलं!

लग्नाच्या दिवशी कलश शेजारच्या एका मुलीने धरला. मी मंडपाच्या कडेला उभी होते, माझ्या चांगल्या साडीत, हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत डबा होता. त्यात ब्रेड, काकडी आणि उकडलेली दोन अंडी. तरीही माझ्या मनात आलं की भातावर नैवेद्य दाखवला नसेल तर निदान तेवढा खाता येईल. म्हणून मी चुलीपाशी गेले आणि आचाऱ्याला हळू आवाजात विचारलं, "दादा, यातलं देवाला दाखवलेलं कुठलं आणि न दाखवलेलं कुठलं?"

त्याने झारा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, सकाळी पान वाढून नेलं. त्यातलं देवाने किती घेतलं ते मी नाही बघितलं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी मांडवामागे उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला जाऊन डबा उघडला. उकडलेल्या अंड्याचा वास किती दूर जातो, हे मला त्या दिवशी कळलं. पंगतीत फिरून आग्रह करायला ताई नवऱ्याबरोबर निघाली होती. मी दिसले नाही म्हणून ती शोधत मागे आली. हिरवा चुडा, मुंडावळ्या, आणि समोर मी, गालात अंडं धरून.

"तू माझ्या लग्नात डबा घेऊन आलीस?"

मी घाईने डब्याचं झाकण लावलं. ताई वळून गेली. त्यानंतर आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. माहेरी आली की आमच्या दारावरून सरळ पुढे जायची. मी पास्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, विश्वासाची किंमत द्यावी लागते. मी ते मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. मराठीतही ते तितकंच थंड वाटलं.

आठव्या महिन्यातला तो रविवार. आमची पद्धत अशी होती की पास्टर अध्याय आणि ओळ सांगायचे, मी मराठी शास्त्रातून मोठ्याने वाचायचे, आणि त्यांनी हात वर केला की थांबायचे. मग ते त्यावर बोलायचे. मराठी त्यांना कळत नव्हतं, तरी कुठे थांबवायचं ते त्यांना पाठ होतं. त्या दिवशी विषय मूर्तीचं अन्न. प्रेषिताच्या पत्रातला तो अध्याय मी आधीही अनेकदा वाचला होता, प्रत्येक वेळी त्यांचा हात वर होईपर्यंत. देवाच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर एकाच वेळी बसता येत नाही, इथे तो हात नेहमी वर व्हायचा.

त्या दिवशी तिथेच त्यांच्या माइकची वायर निघाली. ते खाली वाकून ती बसवू लागले. हात वर झालाच नाही, म्हणून मी वाचत राहिले. आज्ञाधारकपणा असा नडतो. बाजारात विकतात ते खा, मनाला टोचणी लावून घेत विचारपूस करू नका. आणि पुढे, विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पानात वाढतील ते काही न विचारता खा. त्या ओळींचा अर्थ असा होता.

मी ते मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत वाचलं आणि मग ते मला ऐकू आलं. विचारू नका. मी विचारलं होतं. तेही आचाऱ्याला.

पहिल्या रांगेतली आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!" मागून दोन-चार जणांनी साथ दिली. पास्टर वायर बसवून उभे राहिले, लोकांचा उत्साह पाहून खूश झाले आणि तेही म्हणाले, "आमेन! ऐकलंत ना देवाचं वचन?" मला त्याचं भाषांतर करावं लागलं. मी विचारलं, "ऐकलंत ना?" सगळे म्हणाले, "हो!"

उपासनेनंतर मी त्यांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला न विचारता प्रश्न विचारत होते: या ओळी असताना लग्नात मी का जेवायचं नव्हतं? त्यांनी शांतपणे सांगितलं की त्याच्याही पुढची ओळ वाच. ती मी वाचली होती. हे देवाला दाखवलेलं आहे असं कोणी आपणहून सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये, असं तिथे होतं. मी म्हणाले, "मला कोणीच आपणहून सांगितलं नव्हतं. मी चुलीपर्यंत जाऊन काढून घेतलं." त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, शास्त्र वाचायचं सगळ्यांनी, अर्थ मात्र आच्छादनाखाली लावायचा. तुझ्यावर बंडाचा आत्मा आला आहे. पश्चात्तापाचं पत्र लिही आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाच.

मी पत्र लिहिलं. चार पानं, इंग्रजीत, मथळ्यांसह, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारून. समोर बोलता न येणारी माणसं कागदावर किती शूर होतात! मी लिहिलं की देव आणि माणूस यांच्यात एकच मध्यस्थ आहे असं तुम्ही दर रविवारी शिकवता, आणि सोमवारी माझ्या दाढेसाठी दुसरा उभा करता. कृपा फुकट आहे असं सांगता, आणि मग ती टिकवायला रोज परवानगी घ्यायला लावता. ही संगती सोडणाऱ्याचं तारण जातं असं म्हणता, म्हणजे देव तलासरीच्या पुढे राहतच नाही का? यातलं प्रत्येक वाक्य मला आजही बरोबर वाटतं. फक्त तिसऱ्या पानावर मी स्वतःची तुलना एका संदेष्ट्याशी केली होती, ती काढायला हवी होती.

पास्टरांनी पत्र वाचलं. "इंग्लिश छान आहे," ते म्हणाले. "कोणी लिहून दिलं?"

पुढच्या रविवारी माइक दुसऱ्या मुलीकडे होता. ज्या सिस्टर मला रोज सकाळी फोन करून वचन सांगायच्या, त्यांचे फोन थांबले. मग मला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून काढलं. मी घाबरून वाट पाहत राहिले की छपराबाहेर आता काय होतं. काही झालं नाही. मी अजून प्रार्थना करते, घरीच, इंग्रजी-मराठी मिसळून. देवाने अजून भाषेबद्दल तक्रार केलेली नाही.

मग एका दुपारी मी वाढवणला ताईच्या सासरी गेले. बंदराविरुद्धच्या घोषणा रंगवलेल्या भिंतीपलीकडे, अंगणातल्या बांबूंवर ती बोंबील लटकवत होती. मला पाहून तिने हात थांबवले नाहीत.

मी रिक्षात पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. तो अध्याय, ती वायर, विचारू नका ही ओळ, पास्टरांचं उत्तर, माझी चार पानं. इतकं सलग मी कधीच बोलले नव्हते. ताईने पूर्ण ऐकलं. मग दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूवर टाकत म्हणाली, "म्हणजे त्या पुस्तकात खा म्हणून लिहिलंय, हे तुला आता सापडलं."

"हो."

"आणि नसतं लिहिलेलं, तर?"

पास्टर चुकले होते, हे मी चार पानांत रेघा मारून सिद्ध केलं होतं. पण ताईच्या लग्नात जेवायला मला प्रेषिताची सही कशाला हवी होती, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"तर बहुतेक नसते आले," मी म्हणाले.

ताईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "खरं तरी बोललीस. घे, ती टोपली इकडे घे. आणि पदर खोच, वास लागेल."

तासभर आम्ही बोंबील लटकवले. मी दोनदा चुकीचे अडकवले, ते तिने काढून पुन्हा लावले. आतून सासूबाईंनी हाक मारली तेव्हा ताई हात धुवायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुला जेवायला थांब म्हणून मी सांगणार नाही. माझं सांगून झालंय एकदा."

मी हात धुतले आणि तिच्या मागोमाग आत गेले. सासूबाईंनी भात आणि माशाचं आंबट वाढलं. देव्हारा समोरच होता. मी जेवू लागले. दोन घासांनंतर, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मीठ जास्त झालंय."

सासूबाई हसल्या. ताई हसली नाही. तिने स्वतःच्या पानातला थोडा भात काढून माझ्या पानात घातला, मीठ मोडायला. "लग्नातलं याहून चांगलं होतं," ती म्हणाली. "ते काही आता मिळायचं नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि तो भात कालवला.