गारठलेली काच

पशुवैद्य होऊन नोकरीला लागलो तेव्हा मला शिंगं फुटायचीच काय ती बाकी होती. मी एकदा पाहिलं की निकाल लागला, अशी माझी पक्की समजूत.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. फोंडाघाटातला एक माणूस ट्रक न पोचणाऱ्या वाड्यांवर घोड्यांवरून मीठ-तांदूळ नेई. त्याच्या दोन घोड्या दोन वर्षं गाभण राहिल्या नव्हत्या. स्टँडवरून मला घरी नेताना तो म्हणाला, "घोडो फुकट गेलो, डॉक्टरानु. तपासा आणि आजच खच्ची करा." मग त्याच सुरात, "घरात बाईलय तशीच. सात वर्सां झाली, पोर नाय. शिमग्याआधी तिका म्हायेरी पाठवतलंय. दुसरी बघलेली आसा." घोड्याबद्दल बोलताना तो निदान हळहळला तरी होता.

त्याची बायको घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभी होती. शिंगरू असल्यापासून तिनंच त्याला वाढवलेलं. आमचं बोलणं तिनं ऐकलं असणारच.

घोडा घोडीवर सोडला. तो उतरताना गळलेले शेवटचे थेंब मी कुपीत धरले आणि त्यातला एक काचेवर घेतला. माघातली सकाळ होती, घाटावरून हिव उतरलेलं. सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे फिरवून पाहिलं, तर असंख्य शुक्रजंतू, पण एकही हलेना.

"सगळे मेलेले," मी जाहीर केलं आणि हत्यारं उकळायला पाणी मागितलं.

पाणी ठेवून ती वळली, थांबली. माझ्या पेटीतली एक काच उचलून तिनं गालाला लावली.

"डॉक्टरानु, ही बघा कशी थंडगार आसा. हेच्यार कोण जगतला? आणि एकदाच बघून ठरवलास?"

मला राग आला. मग कानशिलं तापली, कारण तिचं खरं होतं. थंडी लागली की ते जीव जागीच गारठतात, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. शहाणपणाच्या भरात मी तेच विसरलो होतो.

परतीची दुपारची गाडी जाऊ दिली आणि पुन्हा थेंब घेतले. या वेळी कुपी कोमट पाण्यात ठेवली होती. काच तिनं तोवर पदराखाली, पोटाशी धरून ठेवली होती.

डोळा लावला आणि माझ्या तोंडून "अगं आई गं" निघालं. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला मी; रापणीचं जाळं काठाला लागताना आतली मासळी जशी उसळते, तसं ते इवलंसं वर्तुळ उसळत होतं. प्रत्येकाला डोकं, शेपूट आणि कुठंतरी पोचायची घाई. एकेक घडायला जवळजवळ दोन महिने लागतात. म्हणजे खळ्यावर भात झोडत होते तेव्हा हे घडू लागले होते, आणि मी त्यांना क्षणात मेलेलं ठरवलं होतं. पुस्तकात हे सगळं वाचलेलं.

मी तिला दाखवलं. ती कितीतरी वेळ डोळा काढेना. मग नवऱ्यानं पाहिलं आणि न सांगता हात जोडले.

चूक वेगळीच निघाली. घोडी माजावर आली की हा पंचांगात चांगला दिवस बघे आणि त्या एकाच दिवशी घोडा सोडे. घोडी पाच-सहा दिवस माजावर असते आणि बहुधा शेवटी शेवटी गर्भ धरते. दिवसाआड घोडा दाखव, असं त्याला सांगून मी हत्यारं पेटीत भरली.

त्याची बायको काच पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तेका तुमी दोनदा बघलास. माका कोणी एकदा तरी बघल्यानी?"

मी जनावरांचा डॉक्टर. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो घोड्याचा दोर हातात धरून उभा होता. तो दोर त्यानं तिच्या हातात दिला.

"माणसांच्या डॉक्टराकडे जावया. पयलो माका तपासूंदेत."