साखळी न लावलेला दिवस

आयटीआयच्या प्राचार्यांचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात डबा खात होतो. मुलांना ऊर्जा क्षेत्रातल्या वेगवेगळ्या नोकऱ्यांची माहिती द्यायची आहे, तुम्ही आमचेच जुने विद्यार्थी, तुम्हीच या, असं ते म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला कुणी आग्रहानं कुठं बोलवत नाही, त्यामुळं मी हुरळलो आणि हो म्हणून बसलो.

'ऊर्जा क्षेत्र' हा शब्द आमच्या वेळी नव्हता. आमच्या वेळी फक्त 'लाइटीचं काम' होतं. वायरमन ट्रेडला आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. एक जण पवनचक्क्यांवर गेला, पुढं शेतात सौरपंप बसवायच्या धंद्यात पडला. आता त्याची स्वतःची जीप आहे आणि तो दिवाळीला सगळ्यांना एकच फोटो पाठवतो. दुसरा ठेकेदाराकडं लाइनमन झाला. तिसरा मी, उपकेंद्रातला ऑपरेटर. माझ्या नोकरीत खांबावर चढायचं नाव नाही. खुर्ची, रजिस्टर, फोन आणि समोर भिंतीएवढं पॅनल. लाइनमन दोस्त मला 'बसून खाणारा' म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

आमचं काम एकमेकांशी बांधलेलं होतं. खांबावर चढायच्या आधी लाइनमननं मला फोन करून परमिट मागायचं. मी त्या लाइनचा ब्रेकर पाडायचा, रजिस्टरला वेळ लिहायची आणि 'बंद केली' म्हणून सांगायचं. मग त्यानं तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची. एक टोक तारांवर, एक टोक जमिनीत. कुठून चुकून करंट आलाच तर तो साखळीतून जमिनीत जावा, माणसातून जाऊ नये, एवढाच तिचा उपयोग.

बाकीचे लाइनमन साखळी कधी टाकायचे, कधी नाही. माझा दोस्त मात्र दर वेळी टाकायचा. दहा मिनिटांच्या कामाला पाच मिनिटं साखळीला. आणि मला त्याचा राग यायचा. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच राग यायचा. लाइन मी बंद केलेली, माझ्या हातानं, आणि हा तिची पुन्हा परीक्षा घेतो! म्हणजे माझ्यावर भरोसा नाही.

"तू माझ्या घरी जेवायला आला तर आधी मांजराला घास टाकून बघशील," मी त्याला म्हणायचो.

"टाकीन ना," तो म्हणायचा. "तुझा सैपाक माहीत हाय मला."

चारचौघांत, चहाच्या टपरीवर, त्याच्या सायबासमोरसुद्धा मी हा मांजराचा विनोद करायचो. लोक हसायचे, तोही हसायचा. आणि दुसऱ्या दिवशी साखळी टाकायचाच. तेरा वर्षं हे असं चाललं.

आठ वर्षांपूर्वी, लग्नसराईत, दुपारी त्याचा फोन आला. एका मंगल कार्यालयाजवळच्या खांबावर तार ढिली झाली होती. त्यानं परमिट मागितलं, मी ब्रेकर पाडला आणि तसं सांगितलं. फोनमध्ये मागं बँडचा आवाज येत होता.

"पाहुणे लै बोंबलायलेत," तो म्हणाला. "लाइट जल्दी पाहिजे म्हणतेत. आज साखळी राहू दे. तुझ्यावर भरोसा ठिवतो आन् चढतो तसाच."

"आत्ता माणसात आलास," मी म्हणालो. "मांजर उपाशी ठेवलंस एकदाचं."

तो हसला आणि फोन ठेवला. मीही हसत होतो. मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. तेरा वर्षांनी दोस्तानं माझा मान ठेवला, असं काहीतरी वाटलं होतं.

लाइन बंदच होती. माझ्याकडून काही चूक नव्हती. पण लाइट गेली म्हणून कार्यालयवाल्यांनी जनरेटर चालू केला, आणि बाहेरची लाइन तोडून जनरेटरवर घ्यायचा खटका तसाच राहिला. जनरेटरचा करंट उलटा डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला आणि डीपीतून वर तारेत. मी बंद केलेल्या लाइनला त्याच्या हातात जीव आला. साखळी असती तर जनरेटर बंद पडला असता आणि तो शिव्या देत खाली उतरला असता. तिथल्या तिथं गेला.

चौकशीला दोन साहेब आले. माझं रजिस्टर पाहिलं, वेळ पाहिली, बराबर निघाली. मग त्यांनी विचारलं, "साखळी न लावता तो चढतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

एक शब्द. कुणी शिकवला नव्हता, आपोआप तोंडातून आला. अहवालात मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. गावानं त्यापुढं जाऊन लिहिलं. रोज साखळी लावणारा माणूस एकाच दिवशी कसा विसरतो? पिऊन चढला असंल. महिन्याभरात 'असंल'चं 'होता' झालं. तो आयुष्यात कधी प्यायला नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी टपरीवर ते ऐकलं आणि चहाचे पैसे देऊन उठलो. तेराव्यानंतर त्याच्या घराची पायरी मी चढलो नाही.

तर मी आयटीआयमध्ये बोलायला गेलो. मागं मोठा फलक, समोर साठ-सत्तर पोरं-पोरी. मी पवनचक्की सांगितली, सौरऊर्जा सांगितली, साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडांवर वीज करतात तेही सांगितलं. ऑपरेटर कसं व्हायचं ते सांगितलं. लाइनमनचं काम दोन वाक्यांत उरकलं. मग प्राचार्य म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. भुवया थेट माझ्या लाइनमन दोस्ताच्या. ती दहा वर्षांची असताना मी तिला शेवटचं पाहिलं होतं.

"सर, माझे वडील लाइनमन होते," ती म्हणाली. "साखळी लावायची विसरले, त्यात गेले. मी पण वायरमन ट्रेड घेतला. मला एवढंच विचारायचंय, माणूस रोज करतो ते काम एखाद्याच दिवशी कसं काय विसरतो?"

ती मला ओळखत होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "घाई असते. होतं असं कधीकधी. तुम्ही काळजी घ्या."

टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी मला शाल आणि नारळ दिला आणि मी ते घेतलं. निर्लज्जपणा दुसरा काय असतो?

बाहेर टेंभुर्णीकडच्या बसची वाट बघत ती थांब्यावर उभी होती. मी मोटारसायकलीला किक मारली, थोडा पुढं गेलो आणि परत आलो. धाडस वगैरे काही नव्हतं. पुढं जाता येईना, एवढंच.

मी सगळं सांगितलं. मांजराचा विनोद, तो फोन, साहेबांपुढचा तो 'नाही'. ती मान खाली घालून ऐकत होती.

"म्हणजे ते विसरले न्हवते," ती म्हणाली.

"न्हाई."

"आन् पिलेले?"

"बिलकुल न्हाई. शब्दन् शब्द शुद्धीत बोलला माझ्याशी."

ती ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि द्यायला हव्या होत्या. पण तिचा चेहरा रागाचा नव्हता. आठ वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं खाली ठेवल्यावर माणूस जसा रडतो तशी ती रडत होती. ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. एका वाक्यात उतरणारं ओझं मी त्या लेकरावर आठ वर्षं ठेवलं होतं.

"काका, हे आईला सांगा," ती डोळे पुसून म्हणाली. "आजच. मी संगं येते."

तिला गाडीवर मागं बसवून मी त्यांच्या घरी गेलो. तिची आई दारात तूर पाखडत बसली होती. "या भाऊजी," म्हणाली, जणू मी परवाच येऊन गेलो होतो. मी पायरीवरच बसलो आणि तिथंच सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही.

तिनं सूप बाजूला ठेवलं. तुरीतला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"तुमचं मांजराचं माहीत हाय मला," ती म्हणाली. "घरी येऊन सांगायचे ते. दोस्त लै हसतो म्हणायचे. मी म्हणायची, हसू द्या त्यांना, तुम्ही लावत जा. रोज सकाळी डबा देताना सांगायची मी."

नारळ आणि शाल अजून गाडीच्या हँडलला पिशवीत लटकत होती.

"तेरा वर्षं माझं ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "एकच दिवस तुमचं ऐकलं."

मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि लेकीला म्हणाली, "काकाला पाणी दे."