तेहेतिसावं पान दोनदा

माझं शिक्षण चौथी. पण शिशाचे खिळे जुळवता येत, त्यावरची उलटी अक्षरं वाचता येत, म्हणून अमरावतीच्या एका छापखान्यात लागलो. सोळा पानांचा छापील कागद म्हणजे फर्मा. त्याची घडी करायचं काम माझी बायको करे, हाडाच्या पट्टीनं दाबून.

लेक पुण्याले कॉम्प्युटरवर काम करते. ती सांगे, मोठ्या प्रोग्रामचे तुकडे आम्ही एकाच वेळी तयार करतो, ज्याले दुसऱ्याची गरज नाही तो कावून थांबीन? मी म्हटलं, हे मी केलं हाय बाई. भोगलंही हाय.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. शाळेचं पुस्तक होतं, शाळा उघडायले आलेली. तेव्हाच अचलपूरहून निरोप आला, सासू शेवटच्या घटका मोजून राहिली. बायको म्हणाली, "मी सकाळच्या बसनं जातो."

मालकाजवळ घडीले दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "दुपारलोक थांब, दुपारच्या बसनं जाय. एकामागं एक धडे कंपोज करत बसत नाही. आम्ही चौघं कंपोझिटर चार धडे एकदम घेतो." तिनं पिशवी छापखान्याच्या दाराशी ठेवली.

धड्याले धड्याची गरज नव्हती. पानाच्या आकड्याले होती. आम्ही अंदाजानं आकडे वाटून घेतले. माझा धडा दोन पानं वाढला. बाजूच्याले सांगायले पाहिजे होतं. नाही सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले असते.

पहिला नमुना निघाला. घडी करता करता बायको म्हणाली, "अवो, हे तेहेतीस पान दोनदा कावून?"

बाजूचा कंपोझिटर हसला, "वहिनी, एक तुमच्यासाठी घ्या."

ती हसली नाही. पिशवीकडं पाहत होती.

पुढचे सारे आकडे बदलले, पानं पुन्हा बांधली, फर्मे पुन्हा छापले. दुपारची बस गेली. शेवटचा फर्मा तिच्या हाती आला तेव्हा दिवस बुडाला होता. दुसऱ्या दिवशी ती पोचली, तर आईले नेलं होतं.

एकदाच बोलली. "तुमी चौघांनी पुस्तक लवकर केलं. मले उशीर झाला." पुन्हा कधीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिची हाडाची पट्टी ट्रंकेत हाय, फडक्यात गुंडाळलेली. तरी दुपारी घर चूप झालं की कागदावर ती घासल्याचा आवाज येते. मी उठून ट्रंक उघडून पाहतो.

शेवटच्या तापात तिनं विचारलं, "फर्मा आला का?"

मी म्हटलं, "राहू दे फर्मा. तू जाय. बस उभी हाय."

ती दाराकडं पाहत राहिली. पिशवी शोधत असंन.