डावी पाकळी

लहानपणी मला प्रश्न फार पडायचे आणि आई त्यांना वैतागायची. त्यातला सगळ्यांत मोठा म्हणजे, आमच्या डिचोलीकडच्या गावची देवी आणि म्हापशाच्या इगर्जीतली सायबीण, म्हणजे चर्चमधली माता, बहिणी-बहिणी कशा? एक हळदकुंकवाची, दुसरी मेणबत्त्यांची. आई मात्र दरवर्षी तिच्या फेस्ताच्या सणाला जाऊन सायबिणीला तेल घालून यायची. कारण विचारलं तर म्हणायची, "देवी जाब विचारता. सायबीण कांयच विचारीना." यावर मी आणखी दहा प्रश्न विचारले की ती मला विहिरीवर पाठवून द्यायची.

गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. म्हापशाला आमचे फ्रॉक शिवणारी एक ख्रिस्ती बाई होती. तिला आम्ही बाय म्हणायचो. तिचा एकुलता एक मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. एका वर्षी त्याची पत्रं यायची थांबली आणि बोटीच्या कचेरीतही कुणी धड सांगेना. बाय रोज इगर्जीत गुडघे टेकत होती. शेवटी आईला म्हणाली, "आमचो देव आयकता, पूण सांगना. तुमची देवी सांगता मगे? म्हाका थंय व्हर."

आई तिला देवळात घेऊन आली. आमच्याकडे देवीला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण गाऱ्हाणं घालताना विचारणाऱ्याचं घराणं सांगावं लागतं. आईला वाटलं, ख्रिस्तांवांना कुठलं आलंय घराणं! तिनं परस्पर आमचंच सांगून टाकलं.

बाय तडकली. "पूत म्हजो, आनी घर तुजें कित्याक?"

मग तिनं नदीपलीकडच्या बार्देशातला आपला मूळ गाव सांगितला आणि ख्रिस्तांव होण्याआधीचं घराण्याचं नाव सांगितलं, आजीनं पाठ करून घेतलेलं. म्हातारे पुजारी हातातलं तबक खाली ठेवून पुढे आले.

"अगे, देवी त्याच गांवची! पाद्रींच्या भयान तिका न्हंयपल्याड हाडली. तुमी तिचे पयलींचे."

आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तर इतका आनंद झाला की मी देवळातच हसले. देवी नदी ओलांडून आली, बायची माणसं मागे राहिली. म्हणजे या देवळात पाहुणे होतो ते आम्ही!

पुजाऱ्यांनी देवीला प्रश्न विचारला, मुलगा जिवंत आहे का. डावी पाकळी पडली.

बाय रडली नाही. देवीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. मग ती बस धरून निघून गेली. आईनं मात्र धसका घेतला. आधी घराणं चुकीचं सांगितलं म्हणून देवी कोपली, असं ती पुन्हापुन्हा बोलून दाखवायची.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलगा आला. काठी टेकत, पण जिवंत. कुठल्याशा परक्या बंदरातल्या इस्पितळात पाय मोडून पडला होता. दुसऱ्याच दिवशी बाय त्याला घेऊन, नारळ आणि ओटीसह आमच्या देवळात हजर. मला राहवेना.

"बाय, देवीनं तर खोटं सांगितलं. मग तिला ओटी कशाला?"

आईनं मला चिमटा काढला. बाय ओटीतले तांदूळ बोटांनी सारखे करत होती.

"पाकळी पडली मगे, तेन्ना हांवें तिका म्हणलें, तूंय आवय, हांवूय ह्या पुताची आवय. म्हजे खातीर एकदां खोटी ठर. आनी ती ठरली."