तीन तळवे

कटिंगवाल्या मावशींनी कात्री धरली की काळं कापड सरळ रेषेत निघायचं, खडूची खूण नुसती नावाला. दुकानात शिवायचे ते सगळे कोट काळे, आणि नेमका मावशींच्या डोक्याला सोरायसिस. जरा वाकल्या की खपल्या कापडावर. एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं आणि मालकाने ऐकवलं, "पुढच्या महिन्यापासून मागे बटणं लावायला बसा." वीस वर्षं टेबलापाशी उभी राहिलेली बाई, आणि बटणं म्हणे!

मलमं, तेलं, गोळ्या, सगळं करून झालं होतं. उरली होती ती बायोलॉजिक म्हणतात ती महागडी इंजेक्शनं. पण विमावाल्यांनी दोन वर्षांत तीनदा अर्ज परत पाठवला होता. दहा टक्के अंगावर रोग हवा म्हणे. रोग्याच्या हाताचा एक तळवा म्हणजे एक टक्का, आणि मावशींचं अख्खं डोकं भरलं तीन तळवे. अरे, कॉलर तरी केवढीशी असते? पण बघणारा आधी तिथेच बघतो ना?

चौथ्या खेपेला मावशींनी डॉक्टरांपुढचा फॉर्म ओढून घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. दुसऱ्या पानावर तळाशी लिहिलं होतं, डोक्याच्या त्वचेवर रोग असल्यास टक्क्यांची अट नाही. पुढे खूण करायचा चौकोन. मावशींनी फाइलीतले जुने तिन्ही फॉर्म काढले. तिन्हींवर चौकोन कोरा.

"नजरेतून सुटलं, मावशी," डॉक्टर पुटपुटले. "आता करतो खूण. मागे सांगितलेल्या तिन्हींतलं कोणतं इंजेक्शन लिहू?"

"पहिलं नको. मला पूर्वी क्षय झालेला, तो उलटायची भीती त्यात जास्त, असं तुम्हीच म्हणालात. तिसरं तीन महिन्यांतून एकदाच, पण गुण सावकाश. मला मधलं द्या. दर महिन्याला टोचा, पण लवकर बरी करा."

"तरी दोन-तीन महिने लागतीलच."

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज मात्र चढला नाही.

"माझ्या हातून कोट बोटभर आखूड झाला, तर मी पदरचं कापड घालून नवा देते. माझं टेबल तुम्ही कुठून आणून देणार?"

डॉक्टरांनी मान खाली घालून खूण केली.

तीन महिन्यांनी मावशींचं डोकं लख्ख झालं. तोवर टेबलापाशी मालकाचा मेव्हणा उभा राहिला होता. मेला वाकडं कापतो, आणि त्याच्या वाकड्या कोटांना मावशी बटणं लावतात.